विश्लेषण : मोठ्या शहरांत मायनर लीग हॉकीच्या खुर्च्या रिकाम्या का राहतात?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्षी नावाचं गाव आहे. चॉकलेटच्या वेष्टनावर जे नाव आपण वाचतो, तेच हे हर्षी. लोकसंख्या सुमारे १४ हजार. जानेवारी २०२५मध्ये इथल्या ‘हर्षी बेअर्स’ या आइस हॉकी संघाने पहिला गोल केला आणि स्टँडमधून बर्फावर खेळण्यांचा पाऊस पडला. दरवर्षीचा हा त्यांचा रिवाज आहे. पहिला गोल झाला की प्रेक्षक सोबत आणलेली मऊ खेळणी मैदानात फेकतात आणि ती गोळा करून गरजू मुलांना दिली जातात. त्या दिवशी मोजणी झाली तेव्हा आकडा निघाला १,०२,३४३. स्टेडियमची क्षमता साधारण साडेदहा हजार. म्हणजे एका प्रेक्षकामागे जवळपास दहा खेळणी.

आता त्याच लीगमधलं दुसरं शहर पाहा. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, लोकसंख्या दहा लाखांच्या घरात. सिलिकॉन व्हॅलीत नोकरी करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना हे शहर पाठ आहे. इथला ‘बॅराक्युडा’ संघ २०१५पासून १७ हजारांहून जास्त क्षमतेच्या एसएपी सेंटरमध्ये खेळत होता. खुर्च्या इतक्या रिकाम्या राहायच्या की २०२२मध्ये या संघाने आपलं बिऱ्हाड सुमारे ४,२०० आसनांच्या छोट्या रिंकमध्ये हलवलं.

गावात गर्दी आणि महानगरात शुकशुकाट, हे गणित उलटं वाटतं. मोठं शहर म्हणजे जास्त लोक, जास्त पैसा, जास्त प्रेक्षक, असा आपला साधा हिशेब असतो. मग मायनर लीग हॉकीला मोठ्या शहरांत गर्दी का जमत नाही? आणि याचा आपल्याशी काय संबंध?

मायनर लीग म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे हॉकी म्हटलं की टर्फवरची हॉकी आठवते. उत्तर अमेरिकेत हॉकी म्हणजे बर्फावरची. तिथली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल. तिच्यात ३२ संघ आहेत. तिच्या एक पायरी खाली आहे अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल. ही लीग १९३६पासून सुरू आहे आणि तिच्यातही ३२ संघ आहेत. एनएचएलच्या प्रत्येक संघाशी एएचएलचा एक संघ जोडलेला असतो. वॉशिंग्टन कॅपिटल्सचे तरुण खेळाडू हर्षीत तयार होतात, सॅन होजे शार्क्सचे बॅराक्युडात, टोरांटो मेपल लीफ्सचे टोरांटो मार्लीजमध्ये.

खेळाचा दर्जा सुमार असतो असं मुळीच नाही. लीगच्या म्हणण्यानुसार एनएचएलमध्ये खेळणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के खेळाडू एएचएलमधून वर गेलेले असतात. तिकिटं एनएचएलपेक्षा बरीच स्वस्त असतात आणि बहुतेक सामने सुट्टीच्या आसपास, शुक्रवार ते रविवार ठेवलेले असतात. लहान मुलांना घेऊन जायला यापेक्षा सोयीचा खेळ नाही. तरीही मोठ्या शहरात माणूस वळत नाही.

नेहमीची कारणं कुठे कमी पडतात?

यावर तीन उत्तरं हमखास मिळतात. मोठ्या शहरात करमणुकीचे पर्याय खूप असतात. ट्रॅफिकमधून स्टेडियम गाठणं जिवावर येतं. घरबसल्या टीव्हीवर आणि मोबाइलवर अव्वल दर्जाचा खेळ दिसतो. तिन्हींत तथ्य आहे. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण क्लीव्हलंड मध्ये येतं.

ओहायो राज्यातलं क्लीव्हलंड हे मोठं महानगर आहे. तिथे बास्केटबॉल, बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या तिन्ही खेळांचे सर्वोच्च लीगमधले संघ आहेत. पर्याय, ट्रॅफिक, टीव्ही, सगळं काही आहे. तरी जून २०१६मध्ये एएचएलच्या अंतिम फेरीचा सामना झाला तेव्हा तिथे १९,६६५ प्रेक्षक आले होते. समोर होता हर्षीचाच संघ. क्लीव्हलंड मॉन्स्टर्स आजही लीगमध्ये सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या संघांत मोडतो.

सॅन डिएगोचंही तसंच. लोकसंख्या सुमारे १४ लाख, शेजारी समुद्रकिनारा, बाहेर भटकायला वर्षभर छान हवा. बर्फावरच्या खेळाला याहून प्रतिकूल शहर शोधून सापडणार नाही. पण ‘गल्स’ हा तिथला एएचएल संघ २०१५मध्ये आला आणि लोकांनी त्याला उचलून धरलं.

या दोन शहरांत एक गोष्ट समान आहे. दोन्हीकडे एनएचएलचा संघ नाही. सॅन डिएगोहून जवळचा एनएचएल संघ अनाहाइमला, सुमारे दीडशे किलोमीटरवर. क्लीव्हलंडहून कोलंबसचा एनएचएल संघ त्याहूनही लांब. म्हणजे अडचण शहराच्या आकाराची नाही. त्याच खेळातला थोरला भाऊ त्याच शहरात राहतो का, हा खरा प्रश्न आहे.

थोरला भाऊ आला की काय होतं?

याचं सर्वांत बोलकं उदाहरण डेन्व्हरचं आहे. १९९०च्या दशकात इंटरनॅशनल हॉकी लीग नावाची आणखी एक मायनर लीग होती. तिने मोठ्या शहरांत शिरायचं धोरण आखलं. १९९४मध्ये डेन्व्हरमध्ये ‘ग्रिझलीज’ हा संघ सुरू झाला. पहिल्याच मोसमात भरपूर प्रेक्षक आले, संघाने विजेतेपदही पटकावलं. एखाद्या नव्या संघाने आणखी काय करायचं? पण त्याच १९९५ साली एनएचएलचा क्विबेकचा संघ डेन्व्हरला यायचं ठरलं. विजेता ग्रिझलीज एका मोसमात गाशा गुंडाळून सॉल्ट लेक सिटीला गेला. खेळ वाईट नव्हता, गर्दी नव्हती असंही नाही. फक्त एका दिवसात तो शहरातला ‘दुसरा’ संघ ठरणार होता आणि मालकांना त्याचा अर्थ कळला होता.

कॅनडातल्या विनिपेगमध्ये हाच खेळ दोन्ही दिशांनी झाला. १९९६मध्ये एनएचएलचा जेट्स संघ शहर सोडून फिनिक्सला गेला. त्याच वर्षी मॅनिटोबा मूस हा मायनर लीग संघ तिथे आला आणि हॉकीवेड्या शहराने त्याला आपलं मानलं. २००९मध्ये तो एएचएलच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. २०११मध्ये अटलांटाचा एनएचएल संघ विनिपेगला आला, जेट्स हे नाव परतलं आणि मूसला जागा सोडावी लागली. तो गेला थेट न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्सला. तिथलं छोटं स्टेडियम खच्चून भरू लागलं. २०१५मध्ये मूस विनिपेगला परतला. शहर तेच, इमारत तीच. पण आता त्याच इमारतीत जेट्सही खेळतो आणि मूसच्या बहुतेक सामन्यांना वरच्या मजल्याची गरजच पडत नाही.

विनिपेगच्या माणसाचं हॉकीप्रेम काही चार वर्षांत आटलं नाही. त्याच्या खिशातले हॉकीचे पैसे, हॉकीची संध्याकाळ आणि हॉकीचा जीव, तिन्ही जेट्सकडे वळले.

शिकागोने काय शिकवलं?

याला अपवाद आहे का? काही काळापुरता होता. शिकागोत १९९४मध्ये वुल्व्ज हा संघ सुरू झाला. तो शहराबाहेर, ओहेअर विमानतळाजवळच्या रोझमाँटमध्ये खेळतो. शिकागोचा एनएचएल संघ ब्लॅकहॉक्स. त्याचे तेव्हाचे मालक बिल वर्ट्झ घरच्या मैदानावरचे सामने स्थानिक टीव्हीवर दाखवू देत नसत. फुकट दाखवलं तर तिकीट कोण काढणार, हा त्यांचा हिशेब. परिणाम उलटा झाला. एक अख्खी पिढी आपला संघ न पाहता वाढली आणि वुल्व्जने ही फट बरोबर हेरली. परवडणारी तिकिटं, कौटुंबिक वातावरण आणि मैदानावर विजय. काही वर्षं शिकागोत हॉकी पाहायची तर वुल्व्ज, असं चित्र होतं.

२००७मध्ये वर्ट्झ यांचं निधन झालं. मुलाने सामने टीव्हीवर आणले. ब्लॅकहॉक्सने २०१०, २०१३ आणि २०१५ असे तीन स्टॅनली कप जिंकले. वुल्व्ज संपला नाही, आजही त्याचा बऱ्यापैकी प्रेक्षकवर्ग आहे. पण थोरला भाऊ झोपलेला असताना मिळालेली ती जागा तो उठल्यावर राहिली नाही.

खेळाडू ओळखीचा होतो आणि निघून जातो

इथपर्यंत कारण जवळिकीचं झालं. पण मायनर लीगच्या रचनेतच एक मोठी मेख आहे.

या लीगमधला संघ मुळात जिंकण्यासाठी बांधलेला नसतो. खेळाडू घडवणं हे त्याचं काम. नियमही तसाच आहे. सामन्यात गोलकीपर सोडून उतरणाऱ्या १८ खेळाडूंपैकी १३ जण व्यावसायिक अनुभव कमी असलेल्या ‘विकसनशील’ गटातले असावे लागतात. एखादा मुलगा महिनाभर सलग गोल करू लागला, लोक त्याच्या नावाची जर्सी घेऊ लागले, की वरच्या संघातून फोन येतो. दुसऱ्या दिवशी तो संघात नसतो. म्हणजे चाहत्याला सर्वांत जास्त आनंद देणारा खेळाडू हाच सर्वांत आधी जाणार, हे ठरलेलं.

आम्ही इंजिनीअरिंगवाले याला वेगळ्या शब्दांत सांगू. एएचएल हा टेस्टिंग सर्व्हर आहे. तिथे कोड तपासला जातो, चुका सापडतात आणि चाललं तर ते प्रॉडक्शनला जातं. टेस्टिंग सर्व्हर अत्यंत गरजेचा असतो, त्याच्याशिवाय कंपनी कोसळेल. पण तो पाहायला कुणी तिकीट काढत नाही. हर्षीत हे खपून जातं, कारण लोक खेळाडूंवर नाही, अंगावरच्या जर्सीवर प्रेम करतात. बेअर्स १९३८पासून या लीगमध्ये आहे, १३ वेळा त्याने विजेतेपदाचा कॅल्डर कप जिंकला आहे. आजोबांनी पाहिलेला संघ नातू पाहतो. खेळाडू बदलले तरी संघ गावाचाच राहतो.

मोठ्या शहरांतल्या अनेक संघांना असा इतिहासच मिळालेला नाही, कारण त्यांना एका जागी राहू दिलं गेलं नाही. २०१५मध्ये एकाच वर्षी पाच एएचएल संघ कॅलिफोर्नियात हलवले गेले. पश्चिमेकडच्या एनएचएल संघांना आपले तरुण खेळाडू हाकेच्या अंतरावर हवे होते. सॅन होजेचा संघ आला तो मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचा सोडून. ह्यूस्टन हे अमेरिकेतलं चौथ्या क्रमांकाचं शहर. तिथला एरोज संघ स्टेडियमच्या कराराचं जुळलं नाही म्हणून २०१३मध्ये आयोवाला गेला. सॅन अँटोनियोचा रॅम्पेज २०२०मध्ये विकला गेला आणि लास व्हेगासशेजारच्या हेंडरसनमध्ये पोहोचला. आपण जीव लावायचा आणि कुणीतरी दूरच्या ऑफिसात बसून संघ उचलून न्यायचा, असं दोनदा झालं की माणूस तिसऱ्यांदा जीव लावत नाही. रिकाम्या खुर्च्यांचं खापर फोडताना प्रेक्षकांच्या उदासीनतेचं नाव सहज घेतलं जातं. या हलवाहलवीचं कुणी घेत नाही.

टोरांटोत एकच इमारत, दोन चित्रं

एखाद्याला अजूनही वाटेल की लोकांना फक्त सर्वोत्तम कौशल्य पाहायचं असतं. त्यासाठी टोरांटोला जाऊ.

टोरांटो हॉकीचं माहेरघर. मेपल लीफ्सने शेवटचा स्टॅनली कप १९६७मध्ये जिंकला, तरी तिकिटांसाठी मारामारी असते. त्याच मालकांचा मार्लीज संघ सुमारे आठ हजार आसनांच्या कोलिझियममध्ये खेळतो. त्याने २०१८मध्ये आपल्या लीगचं विजेतेपद मिळवलं. दीर्घकाळ कप न पाहिलेल्या शहरात दिवाळी व्हायला हवी होती. पण शहराने तो आनंद ‘आता ही मुलं लीफ्सला कप मिळवून देतील’ या आशेच्या खात्यात जमा केला. त्याआधी याच इमारतीत एडमंटनशी जोडलेला एक एएचएल संघ येऊन एका मोसमात निघूनही गेला होता.

जानेवारी २०२४मध्ये महिलांची व्यावसायिक हॉकी लीग, पीडब्ल्यूएचएल, सुरू झाली. टोरांटोचा संघ सुरुवातीला एका छोट्या रिंकमध्ये खेळला, तिकिटं संपू लागली. फेब्रुवारीत लीफ्सच्या मोठ्या स्टेडियममध्ये माँट्रियलविरुद्ध सामना ठेवला, तर १९,२८५ प्रेक्षक आले. एप्रिलमध्ये माँट्रियलला हेच दोन संघ भिडले, तेव्हा आकडा २१,१०५वर गेला. पुढच्या मोसमात टोरांटोच्या या संघाने मार्लीजच्याच कोलिझियममध्ये मुक्काम हलवला आणि तिथेही गर्दी कायम राहिली.

शहर तेच, ट्रॅफिक तोच, मोबाइल तेच. फरक एवढाच की महिलांचा सामना ही कुणाची पूर्वतयारी नव्हती. तिथल्या खेळाडूला वरून फोन येणार नव्हता, कारण वर काहीच नव्हतं. तीच शेवटची पायरी होती. माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लोक कौशल्यातला दहा-वीस टक्के फरक सहज माफ करतात. समोरच्या निकालाला किंमत नाही, ही भावना मात्र माफ करत नाहीत.

मग लावालला कसं जमलं?

थोरला भाऊ शेजारी असूनही एक संघ तरला आहे. माँट्रियलला लागून असलेल्या लावालमध्ये ‘रॉकेट’ हा एएचएल संघ २०१७पासून खेळतो. माँट्रियल कॅनेडियन्ससारखा हॉकीतला सर्वांत नावाजलेला संघ हाकेवर असताना रॉकेटला दणदणीत प्रतिसाद मिळतो.

कारणं पाहण्यासारखी आहेत. संघाच्या नावात माँट्रियल नाही, लावाल आहे. लावाल हे स्वतंत्र, चार लाखांहून जास्त वस्तीचं शहर आहे आणि त्याला पहिल्यांदाच स्वतःचा मोठा संघ मिळाला. स्टेडियम दहा हजारांचं, म्हणजे पाच-सात हजार आले तरी घुमतं. शेजारीच मेट्रोचं स्टेशन आहे. कॅनेडियन्सचं तिकीट ज्यांच्या आवाक्याबाहेर गेलंय, अशा कुटुंबांना घराजवळ हॉकी मिळाली. थोडक्यात, रॉकेट महानगरातला दुसरा संघ न होता एका शहराचा पहिला संघ झाला.

आपल्याकडे वेगळं काय आहे?

हे वाचताना रणजी करंडकाची आठवण झाली नाही, असा मराठी वाचक विरळा. मुंबईने मार्च २०२४मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून ४२वं विजेतेपद मिळवलं. दोन्ही संघ महाराष्ट्रातले, मैदान चर्चगेटहून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी त्या अंतिम सामन्याची चर्चा लोकलच्या डब्यात किती झाली? त्याच वानखेडेवर आयपीएलच्या साध्या साखळी सामन्याचं तिकीट मिळत नाही.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत विराट कोहली रणजी खेळायला उतरला तेव्हा प्रवेश मोफत होता आणि हजारो लोक पहाटेपासून रांगेत होते. तो सहा धावांवर बाद झाला आणि स्टँड रिकामे होऊ लागले. लोक रणजीसाठी आले नव्हते, वरच्या पायरीवरचा माणूस खाली उतरलेला पाहायला आले होते. उलट २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, तेव्हा मैदान खच्चून भरलं. टोरांटोचाच धडा. समोरचा सामना शेवटचा आहे, इथेच निकाल लागणार आहे, हे कळलं की लोक येतात.

पुढे काय करायला हवं?

मायनर लीगचे व्यवस्थापक गर्दीसाठी तिकिटांवर सवलत, फुकट टोप्या, थीम नाइट असे उपाय करत राहतात. त्याने एक संध्याकाळ भरते, मोसम भरत नाही. संघाला एनएचएलपासून तोडणं हाही मार्ग नाही. शिकागो वुल्व्जने २०२३-२४चा मोसम कुणाशीही न जोडता, स्वतंत्रपणे खेळून पाहिला. प्लेऑफही गाठता आली नाही आणि पुढच्याच मोसमात त्यांनी कॅरोलिनाशी पुन्हा करार केला. खेळाडूंचा पगार वरचा संघ देतो, हे वास्तव आहे.

पण तीन गोष्टी हातात आहेत. पहिली, मोठ्या स्टेडियमचा हट्ट सोडायचा. १७ हजारांत चार हजार माणसं बसली की ते अपयश दिसतं, चार हजारांच्या रिंकमध्ये तीच माणसं बसली की उत्सव वाटतो. सॅन होजेने हे उशिरा का होईना ओळखलं. दुसरी, महानगराचं नाव लावून थोरल्याची सावली व्हायचं नाही. एखादं उपनगर, एखादा भाग धरायचा आणि तिथला पहिला संघ व्हायचं. तिसरी आणि सर्वांत अवघड, संघ जागेवर ठेवायचा. दहा-पंधरा वर्षं न हलवण्याची हमी ही कुठल्याही सवलतीपेक्षा मोठी जाहिरात आहे.

यात फक्त मालकांचा धंदा पणाला लागलेला नाही. एनएचएलचा सामना सहकुटुंब पाहणं हा महानगरातल्या अनेक घरांसाठी वर्षातून एकदाचा खर्च झाला आहे. त्या घरातली मुलगी बर्फाच्या काचेला नाक लावून पहिल्यांदा पक आदळताना पाहील ती जागा मायनर लीगचीच आहे. ती जागा बंद झाली तर खेळ तिच्यासाठी कायम मोबाइलच्या पडद्यावरच राहील.

हर्षीत खेळणी फेकणाऱ्या लोकांना आपला संघ दुसऱ्या पायरीवरचा आहे हे ठाऊक असतं. पण गावात त्याच्या वरचा कुणी नसतो. मोठ्या शहरातल्या संघांना हर्षीएवढा इतिहास विकत घेता येणार नाही. कुणाचा तरी पहिला संघ व्हायला मात्र ते आजपासून सुरुवात करू शकतात.